मूळ, भर आणि निर्देश : खेळाच्या संगणकीय साधनांपासून मराठी संतवाङ्मयापर्यंत

१. प्रास्ताविक

जो ग्रंथ वापरात असतो, त्यात भर पडते. वाचला, गाइला, खेळला किंवा शिकवला जाणारा कोणताही पाठ जसाच्या तसा राहत नाही. वापरणारे त्यात आपले काही मिसळतात आणि पुढच्या पिढीला दोन्ही एकत्रच मिळते. अशा वेळी अभ्यासकासमोर सामान्यतः एकच प्रश्न ठेवला जातो, तो म्हणजे अस्सल कोणते आणि प्रक्षिप्त कोणते. हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी त्याच्या आधीचा एक प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. जे मिसळले गेले त्याच्यावर खूण कशी करावी? त्या खुणेत नेमके काय सांगावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी एका बाजूला आजच्या भूमिका-खेळांच्या संगणकीय साधनांतील 'अधिकृत' आणि 'अनधिकृत' या निर्देशांचा विचार केला असून, दुसऱ्या बाजूला गोदावरीच्या खोऱ्यातील ग्रंथपरंपरांनी हाच प्रश्न कसा हाताळला ते पाहिले आहे. ही दोन क्षेत्रे परस्परांपासून दूर वाटतात. तथापि अनेकांनी मिळून वाढविलेल्या पाठात कोणाचे काय, हे वाचकाला कळावे की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे समानच आहे.

२. खेळाच्या साधनांतील 'अधिकृत'

टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि एक संचालक कथेची सूत्रे सांभाळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली प्रसिद्ध झालेला खेळ या प्रकारातील पहिला व्यापारी खेळ मानला जातो. नियमांच्या पुस्तकांत नसलेली पात्रे, मंत्र आणि राक्षस खेळाडूंनी स्वतः तयार करणे ही या खेळाची आरंभापासूनची रीत आहे. अशा घरी रचलेल्या साहित्याला खेळाडू 'होमब्रू' म्हणतात. २००० साली खेळाच्या प्रकाशक कंपनीने एक खुला परवाना जाहीर केला. त्यामुळे मूळ नियमांच्या एका भागाचा आधार घेऊन इतरांना स्वतःची पुस्तके प्रसिद्ध करता येऊ लागली आणि बाहेरच्या लेखकांचे विपुल साहित्य खेळात आले.

पुढे हा खेळ संगणकावर आला. २०१७ साली सुरू झालेल्या 'डी अँड डी बियाँड' या साधनात पात्ररचना करताना घरचे साहित्य घ्यावे की नाही, हे खेळाडूला स्वतंत्रपणे ठरवता येते. प्रकाशकाचे, चाचणीसाठी दिलेले, सहयोगी संस्थेचे आणि घरचे, असे साहित्याचे निरनिराळे वर्ग तेथे दिसतात. वरवर पाहता ही व्यवस्था निर्दोष वाटते. परंतु 'अधिकृत' या शब्दाने तीन निराळ्या गोष्टी एकाच वेळी सूचित होतात. हे कोणी रचले, याला कोणी मान्यता दिली आणि हे खेळात चांगले चालते काय, हे ते तीन प्रश्न होत. निर्देश उत्तर देतो ते केवळ दुसऱ्या प्रश्नाचे. खेळाडू मात्र त्यालाच तिन्हींचे उत्तर समजतो.

मान्यता ही काळानुसार बदलणारी गोष्ट आहे, हे पुढील घटनांवरून स्पष्ट झाले. २०२२ साली साधनाची मालकी खेळाच्या मूळ कंपनीकडे आली. त्याच वर्षी काही पात्रवंशांची नवी रूपे प्रसिद्ध होताच त्यांच्या जुन्या रूपांवर 'पूर्वपरंपरेतील' अशा अर्थाची खूण लागली. जानेवारी २०२३ मध्ये २००० सालचा खुला परवाना बदलण्याचा प्रस्ताव बाहेर आला तेव्हा खेळाडूंनी तीव्र विरोध केला. कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा आधारपाठ सर्वांना वापरता येईल अशा परवान्याखाली खुला केला. ऑगस्ट २०२४ मध्ये पात्रपत्रिकांतील जुन्या मंत्रांच्या जागी नव्या आवृत्तीतील मंत्र आणण्याचे जाहीर झाले. त्यालाही विरोध झाला आणि तो निर्णय काही दिवसांतच मागे घेण्यात आला. यावरून एक गोष्ट दिसून येते. केवळ मान्यतेवर आधारलेला निर्देश मान्यता देणाऱ्याच्या इच्छेबरोबर बदलतो. रचना कोणाची आणि केव्हाची, ही माहिती बदलू शकत नाही. टिकाऊ निर्देश हवा असेल तर तो या माहितीवर उभा असला पाहिजे.

३. नाममुद्रा आणि महला

हाच प्रश्न भारतीय भक्तिवाङ्मयात फार पूर्वी उपस्थित झाला होता. अभंगाच्या किंवा पदाच्या शेवटी येणारी कवीची नाममुद्रा हा तेथील सर्वांत जुना निर्देश होय. परंतु नाममुद्रा रचनेच्या आतच असल्याने ती कोणालाही वापरता येते. पुढचा कवी आदराने, अनुकरणाने किंवा केवळ गायनाच्या ओघात पूर्वसूरींचे नाव घेतो आणि दोन कवी एक होतात.

संत नामदेवांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील या नामदेवांच्या रचनांत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या गेल्या. 'नामा' ही मुद्रा दोघांचीही असल्याने केवळ मुद्रेवरून निवाडा करणे शक्य नव्हते. त्यामुळे हे दोघे एक की भिन्न, या प्रश्नावर मराठी संशोधकांत दीर्घकाळ चर्चा चालली. ख्रिश्चन नोव्हेत्झ्के यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. कीर्तनपरंपरेत 'नामदेव' हे नाव एका व्यक्तीपुरते मर्यादित न राहता अनेकांनी मिळून जपलेल्या स्मृतीचे नाव होते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. ही दृष्टी मोलाची आहे. तथापि तिच्यामुळे प्रश्न सुटत नाही. स्मृती सामूहिक असली तरी तिच्यात वेगवेगळ्या शतकांचे आवाज आहेत आणि ते ओळखण्याची सोय गाथेच्या छापील पानावर पुरेशी नाही.

याच नामदेवांची ६१ पदे श्री गुरु ग्रंथ साहिबमध्ये समाविष्ट आहेत. १७०८ साली गुरु गोविंदसिंहजींनी नांदेड येथे गुरुपद ग्रंथाकडे सोपविले. त्यामुळे या ग्रंथाची रचनापद्धती नांदेडच्या अभ्यासकांना दूरची नाही. १६०४ साली गुरु अर्जुनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन पूर्ण केले, तेव्हा त्यांच्यासमोरही नाममुद्रेचाच प्रश्न होता. गुरु नानकांनंतरच्या गुरूंनीही आपल्या रचनांत 'नानक' हीच मुद्रा वापरली होती. तेथे योजलेला उपाय अत्यंत सुस्पष्ट आहे. मुद्रा एकच ठेवून प्रत्येक रचनेच्या शिरोभागी 'महला' हा शब्द आणि गुरूंचा क्रमांक देण्यात आला. महला १ म्हणजे गुरु नानक, महला ३ म्हणजे गुरु अमरदास, महला ५ म्हणजे गुरु अर्जुनदेव. पुढे गुरु तेगबहादूरांच्या रचना ग्रंथात आल्या, त्या महला ९ या निर्देशासह. भक्तांच्या वाणीवरही रागाबरोबर त्या त्या भक्ताचे नाव आहे.

या पद्धतीतील एक बारकावा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कबीर आणि फरीद यांच्या श्लोकांमध्ये काही ठिकाणी गुरूंनी त्या विचाराला पूरक किंवा उत्तरादाखल असे आपले श्लोक घातले आहेत. तेथे महल्याचा निर्देश असल्याने ही भर वाचकाला भर म्हणूनच दिसते. शिवाय विभागांच्या शेवटी रचनांच्या संख्येची बेरीज असल्याने नोंदीवाचून काही घुसविणे दुष्कर झाले आहे. भर नाकारलेली नाही आणि लपविलेलीही नाही. मुद्रेतून व्यक्त होणारी एकात्मता आणि निर्देशातून व्यक्त होणारा भेद, दोन्ही एकाच पानावर नांदतात.

४. लीळाचरित्रातील पाठनोंदी

निर्देशाची याहून निराळी पद्धत महानुभाव परंपरेत आढळते. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे या पंथाच्या श्रद्धास्थानांपैकी एक. श्रीचक्रधरांच्या आठवणी त्यांच्या शिष्यांकडून गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. ग्रंथाची मूळ प्रत परचक्राच्या काळात नष्ट झाली आणि तो स्मरणाच्या आधारे पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. हिराइसेसारख्या व्यक्तींच्या स्मरणशक्तीचा या कामी मोठा आधार झाला. स्वाभाविकपणे सर्वांचे स्मरण सारखे नव्हते.

या प्रसंगी परंपरेने जो मार्ग स्वीकारला, तो पाठचिकित्सेच्या इतिहासात लक्षणीय आहे. वेगवेगळ्या स्मरणांतून एकच सलग पाठ तयार करून बाकीचे टाकून देणे सोपे होते. पोथ्यांनी तसे केले नाही. एखाद्या लीळेत मतभेद असेल तेथे हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा व्यक्तींच्या नावाने त्यांचा पाठ नोंदविला गेला. 'वासना' आणि 'शोध' या संज्ञांखाली भिन्न पाठ आणि चौकशीतून मिळालेली माहिती मूळ मजकुराच्या सोबतच दिली गेली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या १९७८ च्या आवृत्तीतून या नोंदी सामान्य वाचकापर्यंत पोहोचल्या.

या नोंदी कोणत्याही पाठाला खरा किंवा खोटा ठरवत नाहीत. अमुक हे अमक्याने असे सांगितले, एवढेच त्या सांगतात. निवाडा वाचकावर सोपवलेला असतो, मात्र निवाड्यासाठी लागणारा पुरावा त्याच्या हाती दिलेला असतो. यात श्रद्धेची मुळीच हानी नाही. उलट स्वामींचे शब्द अचूक जपण्याची चिंता हीच या काटेकोरपणामागील प्रेरणा होती. भाविक दृष्टी आणि चिकित्सक दृष्टी परस्परविरोधी असतात, हा समज या पोथ्यांपुढे टिकत नाही.

५. शुद्धीकरण आणि चिकित्सक आवृत्ती

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या ओव्या जोडून या कार्याचा काळ आणि हेतू सांगितला आणि यापुढे कोणी आपल्या ओव्या घालू नयेत, असे कळकळीने बजावले. स्वतःची भर स्वतःच्या नावानिशी आणि सनावळीसह वेगळी ठेवणे, हा निर्देशाचा उत्तम नमुना होय. तथापि जे पाठ त्यांनी अशुद्ध म्हणून वगळले, त्यांची नोंद त्यांनी ठेवली नाही. त्यामुळे ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध झाली, परंतु मधल्या सुमारे तीन शतकांत तिचे वाचन कोणी कसे केले, कोणत्या भागात भर घालावीशी वाटली, हा इतिहास पुसला गेला. वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पुढे आला. ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही आणि तिच्या काळाविषयीचा वाद छापील पाठावरूनच चालवावा लागला. आधार हरवला की निर्देशाची विश्वसनीयताही क्षीण होते, हे यावरून समजते.

विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभिलेले हे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. वि. सी. सुखठणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार पानाच्या वरच्या भागात संपादकांनी निश्चित केलेला पाठ येतो. वगळलेल्या ओळी तारांकित करून तळाशी आणि मोठे भाग परिशिष्टात दिलेले असतात आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या पोथ्यांत आढळतो ते नमूद असते. ज्या शब्दांविषयी संपादकांना खात्री नाही, त्यांच्याखाली नागमोडी रेघ असते. आपला निर्णय अनिश्चित आहे हेही खुणेने सांगणारी ही रेघ संपादकीय प्रामाणिकपणाची साक्ष आहे. येथे वगळणे म्हणजे हद्दपार करणे नव्हे. वगळलेले सर्व पानावरच राहते, फक्त त्याचे स्थान बदलते.

६. जनीच्या नावावरील रचना

निर्देशाच्या प्रश्नात प्रत्यक्ष कोणाचे हित गुंतलेले आहे, हे गंगाखेडच्या जनाबाईंच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्यांचे अभंग नामदेव गाथेच्या आश्रयाने टिकले. त्याचबरोबर जात्यावर दळणाऱ्या असंख्य स्त्रियांनी जनीचे नाव घेऊन ओव्या रचल्या आणि गाइल्या. विठ्ठल जनीला दळू लागतो, ही कल्पना त्यांच्या रोजच्या कष्टांशी इतकी जोडलेली होती की जनीचे दुःख आणि स्वतःचे दुःख यांत त्यांनी अंतर मानले नाही.

अशा रचनांबाबत दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका सर्व काही जनाबाईंचे म्हणून स्वीकारते. दुसरी भूमिका भाषेवरून किंवा पोथ्यांच्या अभावावरून त्यांना प्रक्षिप्त ठरवून बाजूला सारते. बारकाईने पाहिले असता दोन्हींचा परिणाम एकच होतो. पहिल्या भूमिकेत रचणारी अनाम स्त्री जनाबाईंच्या नावात लुप्त होते. दुसऱ्या भूमिकेत ती संग्रहातूनच लुप्त होते. निर्देश न करणे हा मूळ कर्त्यावर अन्याय आहे, हे नेहमी सांगितले जाते. भर घालणाऱ्यावरही तो तेवढाच अन्याय आहे, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. 'प्रक्षिप्त' हा शब्द रचना कोणाची नाही ते सांगतो. ती कोणाची असावी, कोठे आणि कोणाच्या मुखातून मिळाली, याविषयी तो मौन बाळगतो.

याला पर्याय आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा असून २०१७ पासून तो 'पारी' या संकेतस्थळावरून क्रमाने प्रसिद्ध होत आहे. तेथे ओवीबरोबर गायिकेचे नाव आणि गाव दिले जाते. एखाद्या ओवीत जनीचे नाव असले तरी ती गाणारी स्त्री कोण, हे वाचकाला कळते. ओवी जनीचीही राहते आणि त्या गायिकेचीही होते. लीळाचरित्राच्या पोथ्यांनी जे हिराइसेच्या बाबतीत केले, तेच संगणकीय साधनातून आज शक्य आहे, याचा हा पुरावा आहे.

७. दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गाणाऱ्या वारकऱ्याला निर्देशांची गरज नाही आणि पान खुणांनी भरल्यास रसभंग होतो. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. कीर्तनकाराने कोणता अभंग निवडावा हा त्याचा अधिकार आहे, ज्याप्रमाणे टेबलावर कोणता नियम चालवावा हा खेळाच्या संचालकाचा अधिकार आहे. परंतु हा अधिकार डोळसपणे वापरावयाचा तर माहिती उपलब्ध असली पाहिजे. शिवाय संगणकीय पानावर निर्देश दडवून ठेवता येतो आणि हवा तेव्हा उघडता येतो. छापील पानाची जागेची अडचण तेथे उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आधाराचा निर्देश करतानाही कोणता पाठ मुख्य आणि कोणता गौण, हे ठरवावेच लागते. लीळाचरित्रातही एक पाठ मुख्य आहे आणि वासना त्याच्या सोबतीला आहेत. निर्देश पूर्णतः निःपक्षपाती असू शकत नाही, हे खरे. तथापि नावानिशी केलेली प्रतवारी पुढच्या अभ्यासकाला तपासता येते आणि उलटविताही येते. नावाविना केलेली प्रतवारी तपासण्याची सोयच राहत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'अधिकृत' आणि 'अनधिकृत' हे द्वंद्व मालकीच्या प्रश्नाला पुरेसे असले तरी ज्ञानाच्या प्रश्नाला अपुरे आहे. महला, पाठनोंद, तारांकित ओळी आणि गायिकेचे नाव या चारही पद्धती निराळ्या काळांतील व निराळ्या हेतूंच्या आहेत. त्या सर्वांत एक समान सूत्र आहे. रचना आत घ्यावी की बाहेर ठेवावी हे ठरविण्यापूर्वी ती कोणाकडून आली ते त्या नमूद करतात. खेळाच्या आधुनिक साधनांना जी अडचण गेल्या काही वर्षांत जाणवली, तिचे उत्तर या परंपरांनी शतकांपूर्वी शोधून ठेवले होते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. नामदेवांच्या नावावरील सोळाव्या शतकातील रचना तेराव्या शतकातील मराठीचा नमुना म्हणून वर्गात शिकवली गेली, तर भाषेच्या इतिहासाबरोबरच समाजाच्या इतिहासाचाही विद्यार्थ्याला चुकीचा बोध होतो. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या घरांत अद्याप ओव्या आठवणाऱ्या स्त्रिया आहेत. विद्यार्थ्याने अशी ओवी उतरवून आणली असता तीत नाव कोणाचे आहे, ती कोणी गाइली, कोणत्या गावी, केव्हा आणि गाणारीला ती कोणाकडून मिळाली, एवढ्या बाबी वहीत लिहिण्याची सवय त्याला लावणे हे अध्यापकाच्या हाती आहे. त्यासाठी अनुदानाची किंवा यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. ओवी जनाबाईंची की आजीची, याचा निवाडा पुढील संशोधक करतील. आजीचे नाव मात्र आजच लिहून घ्यावे लागेल.